वॉलबीचा माग: दक्षिण कँटरबरीत पहिल्यांदा शिकारीला निघणाऱ्यांसाठी

पहिल्या संध्याकाळी मी तीन तास दुर्बीण डोळ्याला लावून बसलो आणि एकही वॉलबी (कांगारूच्या जातीचा, पण त्याहून लहान प्राणी) दिसली नाही. परतताना शेताचे मालक फाटकापाशी भेटले. किती मिळाल्या, विचारलं. शून्य, म्हटलं. काही न बोलता ते मला कुंपणाशी घेऊन गेले, खाली वाकायला लावलं आणि सर्वांत खालच्या तारेला अडकलेली राखाडी-तपकिरी लव बोटाने दाखवली. तारेखालची माती घासून अगदी गुळगुळीत झाली होती. आपल्याकडे उसाच्या बांधावर रानडुकरांची ये-जा असली की होते ना, तशी. "तू डोंगर बघत बसलास, त्या इथून जातात," एवढंच बोलून ते गाडीत बसले.

वॉलबीच्या शिकारीचं मर्म मला त्या तारेपाशी कळलं. बंदूक, दुर्बीण, गोळी हे सगळं नंतर येतं. आधी कड वाचता आली पाहिजे, म्हणजे गवत संपून झुडूप सुरू होतं ती रेघ आणि कुंपणाची खालची तार. पुढे जे लिहितोय ते मुख्यतः न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या, दक्षिण कँटरबरीतल्या वायमाते आणि हंटर्स हिल्स भागाबद्दल आहे. दुग्धशाळांच्या कामानिमित्त या परिसरात बरीच भारतीय मंडळी आहेत. त्यांच्यातल्या कुणा ना कुणाला सहकारी कधीतरी विचारतोच, "येतोस का रात्री?" हो म्हणण्याआधी हे वाचा.

ही शिकार इथे का चालते

भारतातून आलेल्या माणसाला शिकार म्हटलं की आधी १९७२चा वन्यजीव कायदा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. इथलं प्रकरण उलटं आहे. वॉलबी न्यूझीलंडची नाहीच. ती ऑस्ट्रेलियाची. मानेवर तांबूस छटा असलेली टास्मानियाची बेनेट्स वॉलबी १८७४ साली हौसेपोटी वायमातेजवळ सोडली गेली. आणल्या होत्या मोजून तीन. त्यांच्या वंशजांनी आज डोंगरच्या डोंगर व्यापले आहेत. मेंढ्यांसाठी राखलेलं गवत त्या खातात, आणि झुडपातली कोवळी देशी रोपंही खातात, त्यामुळे जंगलाला खालून नवी पिढीच येत नाही. इथले शेतकरी सरळ हिशोब सांगतात: तीन वॉलब्या म्हणजे एका मेंढीचं गवत.

म्हणून १९९३च्या जैवसुरक्षा कायद्याखाली वॉलबी हा 'नको असलेला जीव' आहे. मारण्यावर संख्येचं बंधन नाही, हंगामाचंही नाही. मात्र जिवंत धरून नेणं, पाळणं, दुसरीकडे सोडणं हा गुन्हा आहे. पिल्लू कितीही गोंडस असलं तरी ते घरी आणायचं नाही, हे आत्ताच मनाशी ठरवून टाका. २०२० मध्ये सरकारने राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्या चार वर्षांसाठी २.७४ कोटी डॉलर बाजूला काढले. डोंगरात कधीकधी कुत्रे घेतलेली पगारी माणसं भेटतात, ती बहुधा त्याच कामावर असतात. त्यांच्या कामात लुडबूड करू नका.

उत्तर बेटावर रोटोरुआच्या तळ्यांभोवती वेगळी, छोटी दामा वॉलबी आहे, जेमतेम चार ते सात किलोची. ती दाट जंगलात राहते, तिथली पद्धतही निराळी. तिच्याबद्दल इथे एवढंच.

परवाना आणि परवानगी, दोन्ही वेगळ्या गोष्टी

बंदुकीसाठी फायरआर्म्स लायसन्स लागतं. वय किमान १६. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, तुमची मुलाखत, तुमच्या जवळच्या माणसाची मुलाखत आणि घरातल्या तिजोरीची पाहणी, असा सगळा प्रवास आहे. पहिलं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. अर्ज केल्यापासून महिने जातात, म्हणून हिवाळ्यात जायचं असेल तर उन्हाळ्यातच सुरुवात करा. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि बोल्ट, म्हणजे मागचा सरकता खटका, काढून वेगळा. बायको मुलाखतीत काय सांगेल याची काळजी करण्यापेक्षा तिला आधी तिजोरी कुठे बसवायची ते विचारा. आमच्याकडे त्यावरून आठवडाभर चर्चा चालली होती. शेवटी कपड्यांचं कपाट हललं.

लायसन्स नसलेल्या माणसाला लायसन्सधारकाच्या थेट देखरेखीखाली गोळी झाडता येते. थेट म्हणजे हात लांब केला की बंदूक ताब्यात घेता येईल इतक्या जवळ. पलीकडच्या सोंडेवर बसून फोनवर देखरेख, हे त्यात बसत नाही. सुरुवातीचे काही महिने असंच कुणा जाणत्याबरोबर जावं, असं माझं मत आहे, लायसन्स हातात असलं तरीही.

जमिनीची परवानगी हा दुसरा भाग. सार्वजनिक संवर्धन जमिनीवर जायचं तर संवर्धन खात्याचा खुला परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. पण त्यावर रात्रीची शिकार चालत नाही. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच मुभा. झोत टाकून मारायचं असेल तर खासगी जमीन आणि मालकाची परवानगी हवी.

ती मागायची कशी? दिवसा, फोन करून, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळून. तेव्हा मेंढ्या वितात, आणि त्या दिवसांत डोंगरात धडाम् आवाज कुणालाच नको असतो. पहिल्याच फोनवर बंदुकीची बात काढू नका. कोण, कुठे काम करता, कुणी पाठवलं, हे सांगा. भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मी पहिल्यांदा भाकरवडीचा पुडा घेऊन गेलो होतो. मालकांनी एक खाल्ली, डोळ्यात पाणी आलं, पण पुडा परत दिला नाही.

परवानगी मिळाली की चार गोष्टी नकाशावर खुणा करून विचारून घ्या: हद्द कुठे संपते, जनावरं कोणत्या पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) आहेत, शेजाऱ्याचं घर कुठल्या दिशेला आहे, आणि त्या रात्री दुसरं कुणी येणार आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. इथे माणसाची पारख त्यावरून होते.

माग वाचणं

आता खरं काम. शक्य असेल तर शिकारीच्या आधी एक दिवस नुसतं चालायला जा, बंदूक घरी ठेवून. बंदूक खांद्यावर असली की डोळे जमिनीकडे राहत नाहीत.

सुरुवात कुंपणापासून करा. झुडपाच्या बाजूने कुंपणाच्या कडेकडेने चालत जायचं आणि खालची तार बघायची. वॉलबी कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करते. जिथे ओहोळ कुंपण ओलांडतो, जिथे जमिनीत खळगा आहे, तिथे ती वाट करते. तारेला लव, खाली गुळगुळीत माती, दोन्ही बाजूंना दबलेल्या गवताची वीतभर रुंद पायवाट. माती ओलसर आणि ताजी उकरलेली असेल, लव अजून मऊ असेल, तर वाट चालू आहे. कोळ्याचं जाळं लागलं असेल तर पुढे चला. मी अशा प्रत्येक जागेचा फोनवर बिंदू नोंदवतो. दहा-बारा बिंदू झाले की नकाशावर आपोआप एक चित्र उभं राहतं: दिवसा कुठल्या घळीत बसतात आणि रात्री कुठल्या कुरणात उतरतात.

मग लेंडी. लाजण्यासारखं काही नाही, सर्वांत भरवशाची खूण हीच. बेनेट्स वॉलबीची लेंडी साधारण दीड-दोन सेंटिमीटरची, काहीशी चौकोनी किंवा नासपतीच्या आकाराची, गडद, आणि तोडली तर आत गवताचे तंतू. चार-सहा-आठ अशा गटात पडते. सशाची (इथे हेअर, मोठा रानससा) त्याहून लहान, गोल चपटी आणि फिकट, वाळलेल्या काडीच्या रंगाची. पॉसमची (झाडावर राहणारा, मांजराएवढा प्राणी) लांबट, टोकाला निमुळती. मेंढीची गुच्छात चिकटलेली. पहिल्या दिवशी सगळ्या सारख्याच वाटतात. एक काडी घेऊन पाच-दहा उकला, मग हात बसतो. ताज्या लेंडीवर ओली चकाकी असते, जुनी उन्हाने पांढुरकी पडते.

पाऊल बघायचं तर ओहोळाच्या काठची गाळवट माती किंवा ताजं बर्फ. मागचा पाय लांबोडका उमटतो, त्यात एक मधलं बोट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट लांब आणि खोल. दोन पावलं शेजारीशेजारी, मग मोठी मोकळी जागा, मग पुन्हा दोन पावलं. निवांत चरत असेल तर पुढचे छोटे पंजेही उमटतात आणि मध्ये शेपटी ओढल्याची रेघ दिसते. ही शेपटीची रेघ इथल्या दुसऱ्या कुठल्या जनावराच्या मागात मला कधी दिसलेली नाही.

शेवटची खूण म्हणजे बैठक. मटागौरी हे इथलं काटेरी झुडूप. आपल्या बोरी-बाभळीची जाळी आठवा, फक्त फांद्या राखाडी आणि पानं जवळजवळ नाहीतच. त्याच्या बुंध्याशी, उताराच्या बाजूला, गवत दाबून केलेला परातीएवढा खळगा सापडतो. आजूबाजूला लेंड्या. ती तिची दिवसाची जागा. मटागौरीत हात घालताना जाड हातमोजे घाला. आणि टसॉक या झुपक्याझुपक्यांनी वाढणाऱ्या गवतात बसण्याआधी खाली स्पॅनियर्ड नावाची वनस्पती नाही ना, ते बघा. घायपाताच्या टोकाला सुई लावली तर जे होईल ते. मी एकदा न बघता बसलो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वेळ, ऊन आणि वारा

वॉलबी दिवसभर झुडपात दडून असते आणि तिन्हीसांजेला कडेवर येते. रात्री चरते, उजाडता उजाडता परत जाते. त्यामुळे उजेडात शिकार करायची तर दिवसाची दोन टोकं तुमची. जूनमध्ये वायमातेला पाचच्या सुमारास अंधारतं आणि सकाळी आठ वाजेपर्यंत सूर्य वर येत नाही. कामावरून सुटून जाणं अवघड, पण रविवारी झोप पुरी करूनही पहाट गाठता येते. डिसेंबरात मात्र साडेनवापर्यंत उजेड असतो, म्हणजे घरी पोहोचायला मध्यरात्र.

हिवाळा मला अधिक आवडतो. वर बर्फ पडलं की त्या खाली सरकतात, गवत तोकडं असतं त्यामुळे दिसतातही. आणि कडाक्याच्या थंडीनंतरच्या निरभ्र सकाळी त्या ऊन खायला झुडपाच्या बाहेर येऊन बसतात. इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. भारतात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सूर्य दक्षिणेकडे झुकतो. दक्षिण गोलार्धात तो उत्तरेकडून जातो. त्यामुळे उन्हाचा उतार म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेला उतार. दक्षिणेचा उतार दुपारपर्यंत गोठलेला असतो. मी पहिला महिना चुकीच्या उतारांवर दुर्बीण फिरवत होतो.

वारा तिच्याकडून तुमच्याकडे यायला हवा. पहाटे थंड हवा घळीतून खाली वाहते, ऊन चढलं की वर सरकते. म्हणून सकाळी घळीच्या खालच्या बाजूला बसणं बरं, आणि नऊ-दहानंतर वारा फिरला की जागा बदलायची. खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी ठेवा, चिमूटभर उडवली की वारा दिसतो. वायव्येचा कोरडा सोसाट्याचा वारा सुटला असेल तर घरीच थांबा. जनावर बिथरलेलं असतं आणि गोळीही भरकटते.

बसून बघणं

८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ची दुर्बीण पुरेशी. तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर बंदुकीवरच्या दुर्बिणीपेक्षा हातातल्या दुर्बिणीवर जास्त खर्च करा. आणि एक नियम: बंदुकीची दुर्बीण शोधण्यासाठी कधीच वापरायची नाही. समोर माणूस निघाला तर तुम्ही त्याच्यावर बंदूक रोखलेली असते.

समोरच्या उताराला तोंड करून, पाठीमागे झुडूप किंवा खडक ठेवून बसा, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उमटत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल शोधा. मग दुर्बीण कडेवर लावा. अख्खा डोंगर चाळायचा नाही. झुडपाची रेघ घ्यायची आणि तिच्या खालच्या बाजूची दहा-पंधरा मीटरची पट्टी अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक चौकटीत थांबून पाच-दहा सेकंद. एकदा झालं की पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत आधी दगड वाटलेली वस्तू कान हलवते.

शोधायचं काय? पूर्ण वॉलबी क्वचितच दिसते. दिसतो तो उभट राखाडी ठोकळा, वर निमुळता, खाली रुंद, जणू बसलेला मातीचा घडा. टसॉकचा झुपकाही तसाच दिसतो, पण त्याला दोन कान नसतात. खांद्या-मानेवरचा तांबूस रंग उन्हात चटकन उठून दिसतो. सशाचे कान लांब आणि अंग आडवं; वॉलबी चरताना पाठीला कमान देते आणि मागचा भाग उंच ठेवते.

चालताना अचानक उठली तर घाई करू नका. ती पन्नास-साठ मीटर उड्या मारत जाते आणि बऱ्याचदा कडेपाशी थबकून मागे बघते. हलकी शीळ घातली तर कधी थांबते, कधी नाही. मागच्या पायाने जमिनीवर 'धप्' असा आवाज आला की समजा, तिने इतरांना इशारा दिला. त्या घळीतलं त्या दिवसाचं काम संपलं. पुढच्या घळीत चला.

एक गोष्ट नकोच. एकाने झुडपात शिरून हाका द्यायचा आणि बाकीच्यांनी सोंडेवर रायफली घेऊन बसायचं. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाक्याचं वर्णन मोठं रंगतदार असतं. रायफलची गोळी मात्र झुडपात माणूस आहे की जनावर हे बघत नाही.

रात्रीचा झोत आणि थर्मल

खासगी जमिनीवर बहुतेक वॉलब्या रात्रीच मारल्या जातात. झोत फिरवला की डोळे चमकतात. वॉलबीचे बहुधा लालसर, मेंढीचे हिरवट-निळसर, असं सगळे सांगतात आणि साधारण ते खरंही आहे. पण झोताचा कोन, अंतर, धुकं यांनी रंग बदलतो. २०१० साली उत्तर बेटावर तुरांगीजवळ रात्रीच्या शिकाऱ्यांनी छावणीतल्या एका व्यक्तीच्या डोक्यावरचा टॉर्च हरणाचे डोळे समजून गोळी झाडली, आणि ती व्यक्ती जागीच गेली. म्हणून डोळे दिसले याचा अर्थ एवढाच की तिकडे काहीतरी आहे. पूर्ण शरीर, उभी ठेवण, कान, शेपटी, हे सगळं दिसल्याखेरीज बोट ट्रिगरवर जायचं नाही. इथल्या सात सुरक्षा नियमांत 'लक्ष्य निःसंशय ओळखा' हा जो नियम आहे, तो सर्वाधिक अंधारात मोडला जातो.

थर्मल दुर्बिणीने शोधणं फारच सोपं झालंय. थंड रात्री उतारावर पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात. तरी तिच्या मर्यादा ध्यानात ठेवा. ती उष्णता दाखवते, ओळख पटवत नाही. दोनशे मीटरवरचा बसलेला ससा आणि चारशे मीटरवरची वॉलबी एकसारखीच दिसते. बसलेलं कोकरूही तसंच. ठिपका हलेपर्यंत थांबा. उडी मारली की शंका मिटते. शिवाय मधली कुंपणाची तार, बारीक फांदी आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे थर्मलमध्ये नीट कळत नाही. माझी पद्धत अशी: थर्मलने शोधायचं, मग साध्या झोतात खात्री करायची, मगच बंदूक.

दोघं असाल तर एकाकडे झोत, एकाकडे बंदूक, आणि बंदूक असलेला पुढे. झोतवाला कधीही नळीच्या पुढे जात नाही. अदलाबदल करायची असेल तर बोल्ट उघडून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं दाखवून. गाडी हलतेय तोवर चेंबरमध्ये काडतूस नाही. सार्वजनिक रस्त्यावरून झाडणं तर अजिबात नाही. बिअर असेल तर ती घरी पोहोचल्यावर, बंदूक तिजोरीत गेल्यावर.

बंदूक आणि गोळी

थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक रात्रभर वाद घालतात. पॉइंट २२३ बोल्ट अ‍ॅक्शन, साधी ५५ ग्रेन सॉफ्ट पॉइंट गोळी, १०० मीटरवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम जुळवलेली. बेनेट्स वॉलबीसाठी एवढं भरपूर आहे. मोठा नर वीस किलोपर्यंत जातो. पॉइंट २४३ चालते, पण मांस जास्त खराब होतं. पॉइंट २२ रिमफायर स्वस्त म्हणून नवे लोक घेतात. ती अगदी जवळून, डोक्यावर, नेम पक्का असलेल्यांसाठी आहे. आणि दगडाळ उतारावर त्या गोळ्या दगडावरून उसळून कुठेही जातात. सायलेन्सर इथे कायदेशीर आहे. घ्या, कानांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी.

अंतर नव्या माणसाने शंभर-सव्वाशे मीटरच्या आत ठेवावं. बसून किंवा पालथं पडून, बायपॉड (दोन पायांचा टेकू) किंवा सॅकवर टेकून. उभ्याने हातावर झाडायचं नाही. आडवी उभी असेल तर पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर पुढच्या दोन पायांच्या मधोमध, छातीवर. डोकं लहान असतं आणि सतत हलतं, ते अनुभवी लोकांसाठी सोडा. मागे मातीचा उतार असेल तरच. आकाशाच्या रेषेवरची वॉलबी कितीही सुंदर उभी असली तरी ती त्या दिवशी वाचली.

गोळी लागल्यानंतर

लगेच धावू नका. दुसरी गोळी भरा, दुर्बिणीतून बघत राहा, ती जिथे उभी होती तिथली एखादी ठळक खूण लक्षात ठेवा: तो पिवळा झुपका, तो दुभंगलेला दगड. अंधारात पन्नास मीटर चाललं की सगळे झुपके सारखे होतात. जखमी झाली असेल तर शोधून संपवणं हे तुमचंच काम, पुढची वॉलबी समोर उभी असली तरीही.

मादी असेल तर पिशवी बघायचीच. हा भाग कुणी आवडीने सांगत नाही, म्हणून बरेच नवे लोक तो टाळतात. पिल्लू जन्मतं तेव्हा एक ग्रॅमचंही नसतं, आणि नऊएक महिने पिशवीत राहतं. त्यामुळे मारलेल्या मादीच्या पिशवीत काहीतरी असण्याची शक्यता बरीच असते. तसंच सोडलं तर ते थंडीने आणि भुकेने तासन्‌तास तडफडून मरतं. ते वाढवता येणार नाही आणि कायद्याने ठेवताही येणार नाही. म्हणून त्याला लगेच, डोक्यावर एकाच जोरकस घावात संपवायचं. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते. बरोबरच्या जाणत्याने करून दाखवलं आणि म्हणाला, "हे जमणार नसेल तर माद्यांवर झाडू नकोस." मी दोन महिने झाडली नाही. मोठं पिल्लू आईच्या पायाशी चरत असेल, तर दोन्ही मारता येतील याची खात्री असल्याशिवाय पहिलीवर नेम धरू नका.

मांस

खायचं असेल तर त्या भागात विष टाकलेलं नाही याची आधी खात्री करा. दहा-ऐंशी आणि ब्रोडिफॅकम ही विषं इथे सर्रास वापरली जातात. संवर्धन खातं आपल्या जमिनीवरच्या वापराची माहिती प्रसिद्ध करतं, खासगी जमिनीवर मालकाला विचारायचं. शंका असेल तर मांस कुत्र्यालाही घालू नका. कुत्र्यांवर दहा-ऐंशीचा परिणाम फार भयंकर होतो.

पोट लगेच साफ करा आणि जनावर थंड हवेत टांगा. घेण्यासारखं म्हणजे मागच्या मांड्या, पाठीच्या दोन पट्ट्या आणि शेपटी. मांस गडद लाल, चरबी जवळजवळ शून्य. मटणासारखं समजून शिजवलं तर चामडं होतं. आमच्याकडे मांडीचे तुकडे दह्यात रात्रभर ठेवतो, मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, तेल नेहमीपेक्षा सढळ, आणि मंद आचेवर अडीच-तीन तास. कुकरच्या शिट्ट्यांनी ते काम होत नाही. वॉलबीत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो, म्हणून कच्चट ठेवायचं नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर कच्चं मांस हाताळणं दुसऱ्याने करावं. स्वतः खा, घरच्यांना घाला. विकायला किंवा कशाच्या बदल्यात द्यायला कायद्याने बंदी आहे.

ठरलेल्या क्षेत्राबाहेर दिसली तर

उत्तरेला रंगिटाटा आणि दक्षिणेला वायटाकी, या दोन नद्यांच्या मधल्या भागात वॉलबीला अडवून धरण्याचा प्रयत्न चालू आहे. सगळ्या अडत नाहीत. वायटाकीपलीकडे ओटागोमध्ये त्या सापडल्या आहेत. तिकडे एखादी दिसली, रस्त्याकडेला मेलेली दिसली, नुसती लेंडी दिसली, तरी झाडण्याच्या भानगडीत न पडता फोटो आणि अचूक ठिकाण राष्ट्रीय वॉलबी-नोंद संकेतस्थळावर टाका. गोळी हुकली तर ती डोंगर ओलांडून भलतीकडे जाते, आणि प्रशिक्षित कुत्रे घेऊन येणाऱ्यांचं काम दुप्पट होतं. क्षेत्राच्या आत मारलेली एक वॉलबी म्हणजे शंभरातली एक. बाहेरची एक म्हणजे कदाचित नव्या वसाहतीची सुरुवात.

घरी निघण्यापूर्वी चेंबर रिकामं, बोल्ट बाहेर, फाटक जसं होतं तसं. आणि मालकांना एक मेसेज: किती दिसल्या, किती मारल्या, नर किती, मादी किती, कुठल्या पॅडॉकमध्ये. मी वहीतही लिहितो, तारीख आणि वाऱ्यासकट. मागच्या रविवारी मी लिहिलं, "अकरा दिसल्या, चार मारल्या, तीन माद्या." मला वाटलं शाबासकी मिळेल. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "ओहोळाजवळच्या तारेखालचं भोक दगड लावून बुजवलंस का?"

बुजवलं नव्हतं. या शनिवारी पहार घेऊन जातोय.